रोजच्या जेवणामागची बेगमी

काटेवाडी हे नाव ऐकलं की बहुतेकांना आधी राजकारण आठवतं. पवार कुटुंबाचं गाव म्हटल्यावर त्याला इलाज नाही. वारकऱ्यांना मात्र ते निराळ्या कारणानं ठाऊक आहे. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून इंदापूरच्या दिशेनं निघाली की काटेवाडीत तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या पडतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. या पुस्तकाचा विषय याहून कितीतरी साधा आहे. काटेवाडीत आणि बारामती-इंदापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत रोज रात्री आठच्या सुमारास, शाळकरी पोरापासून दात गेलेल्या आजीपर्यंत सगळ्यांनी कुरकुर न करता जेवावं म्हणून जे शिजतं, ते. पिठलं, आमटी, चकोल्या, गरगटं, खिचडी, धपाटे, आणि जमेल त्या वारी मटण.

सणावारांच्या स्वयंपाकावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. रोजच्यावर कमी, कारण रोजचं काय लिहायचं असं तो करणारीलाच वाटतं. ‘त्यात काय सांगायचं, सोप्पं तर असतंय’ हे उत्तर या भागात कुठल्याही ओट्यापाशी मिळेल.

सोप्पं आहे खरं. चकोल्यांचंच घ्या. तुरीची डाळ मऊ शिजवून घोटायची, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा आणि घरचा काळा मसाला घालून आमटी चांगली सैल ठेवायची, कारण पुढे कणीक पाणी पिते. रोजच्याच कणकेची पातळ पोळी लाटून तिचे तिरपे तुकडे कापायचे आणि आमटी खळखळत असताना एकेक करून सोडायचे. सगळे एकदम ओतले तर गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत ताटात, वर तुपाची धार. भाकरी नको, भात नको, वेगळी भाजी नको. एक पातेलं आणि एक पळी. दिवसभर रानात किंवा कंपनीत राबून आलेली बाई अर्ध्या तासात घर जेवू घालते.

पण त्या अर्ध्या तासातला काळा मसाला एप्रिलमध्ये झालेला असतो. मिरची बाजारातून आणून तिला चार-पाच उन्हं दाखवायची, देठं खुडायची. धने, खोबरं, तीळ, दगडफूल, तमालपत्र एकेक वेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाची आच निराळी. मग कांडपाच्या डंकावर नंबर लावायचा आणि तोंडाला पदर बांधून आपला मसाला दुसऱ्याच्यात मिसळत नाही ना, यावर डोळा ठेवून बसायचं. घरी आल्यावर बरण्यांत दाबून भरायचा आणि वर हिंगाचे खडे ठेवायचे. चिंच त्याआधी फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून गोळे करून ठेवलेली. तुरीला तेलाचा हात लावून, वाळवून, भरडून डाळ केलेली. सांडगे, कुरडया, पापड पत्र्यावर वाळलेले. म्हणजे सोप्या जेवणातले कष्ट नाहीसे झालेले नसतात, ते आधी उरकलेले असतात. कुणी उरकले, हे ताटात दिसत नाही इतकंच. ‘झटपट पाककृती’ नावाची पुस्तकं मला म्हणूनच थोडी अप्रामाणिक वाटतात. दोन चमचे मसाला असं त्यांत लिहिलेलं असतं आणि पुढची ओळ सुरू होते.

या उरकलेल्या कष्टांची नोंद पाककृतींच्या पुस्तकांत सापडत नाही. ती दुसरीकडेच सापडते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवून घेतल्या. पहाटे दळताना म्हटलेल्या त्या ओव्यांत माहेर आहे, विठ्ठल आहे, सासू आहे, आणि दळणाचा शीणही आहे. भाकरी थापायच्या आधी दोन तास काय चालायचं, हे कळण्यासाठी पाकशास्त्रापेक्षा तो संग्रह मला जास्त उपयोगी वाटतो.

आपल्याकडच्या पाकशास्त्राची परंपरा तशी लांबलचक आहे, पण तिची नजर बराच काळ वरच्या ताटांवर होती. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यातला अन्नाचा भाग हा राजाच्या उपभोगांपैकी एक. सतराव्या शतकातलं रघुनाथ गणेश नवहस्त यांचं ‘भोजनकुतूहल’ संस्कृतात, आणि त्यात पदार्थाचे गुणदोष वैद्याच्या अंगानं पाहिलेले. मराठीतलं पहिलं छापील पाकशास्त्र म्हणून रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ ओळखलं जातं. ते १८७५ चं. त्याच वर्षी, १२ मे रोजी, आजच्या बारामती तालुक्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं गाठून कर्जरोखे जाळले आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटलं. वर्षभरातच १८७६ चा मोठा दुष्काळ आला. एकीकडे पाकक्रिया छापून निघत होत्या आणि सुप्याच्या माणसाला घरातलं धान्य सुगीपर्यंत पुरेल की नाही याची चिंता होती. गुप्त्यांना कुणी दोष देऊ नये. पण छापील मराठी स्वयंपाकघर आणि भीमथडीचं, म्हणजे या मुलखाचं, स्वयंपाकघर यांच्यातलं अंतर पहिल्या दिवसापासून आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

पुढे १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आलं आणि लेखणी बाईच्या हातात आली. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. वाटी-चमच्याच्या मापानं ती इतकी घराघरांत पोचली की लग्नात रुखवतासोबत ती द्यायची पद्धतच पडली. सासूपासून दूर, शहरातल्या दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या मुलीला तिचा आधार झाला. हा एक प्रवाह: मध्यमवर्गीय, बहुतांशी शाकाहारी, नेटका. त्याला उत्तर देणारा दुसरा प्रवाह उशिरा आला. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानं २००९ च्या सुमारास अन्नाच्या दलित आठवणी एकत्र केल्या, आणि २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं. मराठवाड्यातल्या मांग-महारांच्या चुलींवर काय शिजत होतं आणि ते कोणत्या सक्तीतून शिजत होतं, हे पाटोळ्यांनी कृतींसकट सांगितलं. त्या पुस्तकानंतर ‘महाराष्ट्रीय जेवण’ असे दोन शब्द बिनधास्त लिहिणं अवघड झालं, आणि ते चांगलंच झालं. आता तिसरा प्रवाह यूट्यूबचा. खेडेगावातल्या बायका चुलीपुढे मोबाइल लावून स्वतःच दाखवतात, स्वतःच्या बोलीत. संपादक नाही, शुद्धलेखन नाही, आणि माप अजूनही ‘अंदाजानं’. हे पुस्तक या तिन्हींचं थोडंथोडं देणं लागतं.

आता भूगोल. कोल्हापुरी, मालवणी, खानदेशी, वऱ्हाडी अशा पाट्या पुण्यात पावलोपावली दिसतात. भीमथडीची पाटी सहसा दिसत नाही. भीमा आणि नीरा या दोन नद्यांमधला हा मुलूख घोड्यांसाठी नावाजलेला, चवीसाठी नाही. कारण उघड आहे. तो शिवेवर बसला आहे. नीरा ओलांडली की फलटण, म्हणजे साताऱ्याकडचा कांदा-लसूण मसाला. इंदापूरच्या पुढे माळशिरस आणि माढा, तिथे सोलापुरी काळं तिखट आणि शेंगांची चटणी. पश्चिमेला पुणं आणि त्याचा गोडा मसाला. बारामती-इंदापूरच्या बरणीत या तिघांचं काहीतरी असतं आणि ते प्रमाण दर गावाला, दर माहेराला बदलतं. सून फलटणची आली की आमटीत लसूण वाढतो. अशा मिश्र चवीची पाटी लावता येत नाही, पण घरचं जेवण असंच असतं.

धान्याचीही तीच गत. हा पर्जन्यछायेचा प्रदेश, पाऊस बेताचा. खरिपात बाजरी, रब्बीत ज्वारी. आणि ज्वारी म्हणजे मालदांडी, दुसरी ताटात घेतली तरी नाव तिचंच. वीरजवळून निघणारा नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि या मुलखाचे दोन भाग पडले: कालव्याखालचा बागायती आणि वरचा जिराईत. बागायतीत ऊस आला. १९३० च्या दशकात वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला, स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, सोमेश्वर हे सहकारी कारखाने झाले. पैसा आला, गुऱ्हाळाचा ताजा गूळ आला, पुरणपोळी सणापुरती राहिली नाही. पण ज्या रानात पूर्वी ज्वारी व्हायची तिथे ऊस उभा राहिला आणि काटेवाडीसारख्या गावातलं घर मंगळवेढ्याची किंवा करमाळ्याकडची ज्वारी विकत आणू लागलं. रेशनवर गहू मिळाला, चपाती रोजची झाली. आज अनेक घरांत भाकरी थोरल्यांची आणि चपाती पोरांची, अशी वाटणी पडली आहे. शंभर वर्षांपूर्वी गव्हाची पोळी हीच पाहुण्यांची चैन होती, हे पोरांना सांगून पटत नाही.

भाकरी अवघड आहे, हेही तिच्या माघारीचं एक कारण. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी ओढ नसते. पीठ ताजं असेल तर त्याला विरी असते, भाकरी थापताना कडा फाटत नाहीत. आठ-दहा दिवस झाले की विरी जाते. मग कढत पाणी घालून पीठ मळावं लागतं, तेव्हा ते पुन्हा बांधलं जातं. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, तो ओला असेतो उलटायची नाही आणि पार सुकूही द्यायची नाही. हा क्षण चुकला की पापुद्रा सुटत नाही. यातलं काहीही वाचून येत नाही. पुस्तकात भाकरीची कृती दिली आहे, पण माझ्या मते ती वाचण्यापेक्षा कुणाच्या तरी शेजारी उभं राहून पाहावी.

पारंपरिक हा शब्द या पुस्तकात जपून वापरला आहे, ते मला आवडलं. ज्या ठेच्यावर आणि शेंगदाण्याच्या आमटीवर आपण परंपरेची मोहोर उमटवतो, त्यातली मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आले. टोमॅटो, बटाटा, मका तसेच. त्याआधी तिखटाला मिरी होती, कुटाला तीळ, कारळं आणि जवस. प्रेशर कुकर भारतात बनू लागले १९५९ च्या सुमारास, मिक्सर त्यानंतर, गॅस खेड्यात सर्रास आला तो तर अगदी अलीकडे. आजची ‘आजीच्या हातची’ आमटी तीन शिट्ट्यांची आहे आणि तिचं वाटण पाट्यावरचं नाही. म्हणून ती खोटी ठरत नाही. पाटा-वरवंटा गेला त्याचं दुःख ज्यांनी कधी पाट्यावर वाटलं नाही त्यांनाच जास्त होतं, असं माझं निरीक्षण आहे.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या जिभेवर अजून आहे. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी. हुलग्याचं माडगं, अंबाडीची भाजी, आळण घालून वाढवलेली पालेभाजी ही तेव्हाची पोटभरीची साधनं. आज ती हौसेनं होतात. हुलग्याचे शेंगोळे हल्ली शहरातल्या खाद्यजत्रांत रांग लावून खाल्ले जातात. खाणाऱ्यांना ते नवीन असतं, करणाऱ्या बाईला नसतं.

‘सगळ्यांना आवडणारं’ या शब्दांवरही दोन शब्द बोलायला हवेत. शहरी कुटुंबात याचा अर्थ बहुधा सौम्य असा होतो: लहान मुलाला चालेल तेवढंच तिखट, आणि मग थोरल्यांनी तेच निमूट खायचं. इथली रीत वेगळी आहे आणि ती मटणाच्या पातेल्यात सगळ्यात स्वच्छ दिसते. मटण हळद, मीठ, आलं-लसूण आणि कांद्यावर परतून त्यात गरम पाणीच घालतात. गार पाण्यानं ते निबर होतं असं कुणीही सांगेल. शिजलं की त्यातलं पाणी आणि चार फोडी आधी बाजूला निघतात. हे अळणी. मीठ त्यात असतं, नाव तरीही अळणी, कारण तिखट नसतं. ते पोरांना, म्हाताऱ्यांना, बाळंतिणीला भातावर. उरलेल्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळं तिखट पडतं, त्याचा रस्सा होतो. काही फोडी मसाल्यात आटवून सुकं होतं. एका पातेल्यातून तीन चवी, आणि कुणीही कुणासाठी मन मारलेलं नाही. शाकाहारी जेवणातही तेच: आमटी मवाळ, खर्डा बाजूला, पिठलं बेताचं, सोबत हिरवी मिरची तळून मीठ लावलेली. ज्याला हवं तो वाढवून घेतो. या संग्रहातल्या बहुतेक कृतींत ‘इथे मुलांचं काढून ठेवावं’ अशी एक सूचना मध्येच येते. शहरातल्या वाचकानं ती वगळून पुढे जाऊ नये, सगळी खुबी तिथेच आहे.

सगळ्यांना यात कोण कोण येतं, हा प्रश्न मात्र उरतोच. छत्रपती किंवा माळेगावच्या पट्ट्यात गळीत सुरू झालं की बीड आणि नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांपुढे, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांपुढे, पहाटे चारच्या अंधारात तीन दगडांवर भाकरी थापल्या जातात, फडक्यात बांधल्या जातात, आणि चटणीबरोबर फडातच खाल्ल्या जातात. घरी बनणाऱ्या सोप्या जेवणाची याहून काटेकोर व्याख्या मला माहीत नाही. इंदापूरच्या उत्तरेला उजनीचं पाणी आहे. भीमेवर धरण झालं, १९८० च्या सुमारास पूर्ण झालं, गावं आणि काळीभोर रानं पाण्याखाली गेली, आणि ज्या भागात मासा क्वचित शिजायचा तिथे भिगवण आणि इंदापूरचे मासळीबाजार उभे राहिले. आज त्या काठच्या घरांत चिलापीचं कालवण हे आठवड्याचं साधं जेवण आहे. काळ्या मसाल्यातलं, खोबऱ्याच्या दुधाशिवायचं. कोकणी माणसाला ते मासा वाटणारच नाही कदाचित. संपादकांनी दोन्ही चुलींना जागा दिली आहे. उजनीकाठाला अधिक, कोप्यांना कमी. पुढच्या आवृत्तीत हे प्रमाण सुधारावं, असं मी त्यांना सांगितलं आहे.

हे सगळं आत्ताच का लिहून ठेवायचं? बारामतीच्या एमआयडीसीत चीज बनतं, फेरेरोच्या कारखान्यात किंडर जॉय बनतात, आणि ते बनवायला जाणारी मुलं काटेवाडी-भवानीनगरच्या घरांतून डबा घेऊन निघतात. डब्यात अजून चपाती-भाजी आहे. पण डबा भरणारी बाईही आता पाळीवर जाते, आणि एप्रिलमधली बेगमी करायला घरात माणूस उरलेलं नाही. ती बेगमी आता बचत गटाच्या बायका करतात. पुण्यात दर वर्षी भरणाऱ्या भीमथडी जत्रेत मसाला, कुरडया, तयार भाकरी घ्यायला झुंबड उडते. मला यात ऱ्हास दिसत नाही. जे काम घरात फुकट आणि न दिसता होत होतं त्याला प्रथमच किलोवर भाव लागला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा ज्वारी-बाजरीच्या गुणगानाचे फलक जागोजागी लागले. भाकरी थापणारीच्या मनगटाबद्दल त्यांवर काही नव्हतं. कष्ट कुठे गेले आणि कुणाकडे गेले, याची नोंद ठेवण्याची वेळ म्हणूनच आत्ता आहे, जोवर दोन्ही पद्धती एकाच गल्लीत शेजारी शेजारी आहेत.

पुस्तकानं हे एका साध्या युक्तीनं साधलं आहे. प्रत्येक कृतीला दोन वेळा दिल्या आहेत: एक त्या संध्याकाळची, दुसरी आधीच्या तयारीची. पिठल्यापुढे वीस मिनिटं लिहिली आहेत आणि खाली हरभऱ्याची डाळ दळण्याची, मिरची वाळवण्याची, लसणाच्या जुड्या बांधून टांगण्याची वेळ. वाचताना सुरुवातीला जरा अडखळायला होतं, मग सवय होते. मापं वाटीची आहेत. जिथे बाईनं ‘अंदाजानं’ सांगितलं तिथे तिच्या अंदाजाचं माप मोजून लिहिलं आहे, आणि दोन घरांचे अंदाज जुळले नाहीत तर दोन्ही ठेवले आहेत. चव एकसारखी करण्याचा आग्रह नाही. फोटो थोडे आहेत, तेही ताटाचे कमी आणि डब्या-बरण्यांचे जास्त. पुरुषांनी सांगितलेल्या कृती मोजक्याच, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या जत्रेच्या मटणाच्या. त्यावर मी भाष्य करत नाही.

गरजेपुरतं एवढंच सांगतो की नवख्यानं सुरुवात भाकरीपासून करू नये. पिठल्यापासून करावी. पालखीच्या वाटेवर यवतला हजारो वारकऱ्यांना जे पिठलं-भाकरी वाढतात तेच चौघांसाठीही होतं, फक्त पातेलं बदलतं. वाटीभर बेसनाला तीन-साडेतीन वाट्या पाणी, पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यावं म्हणजे गुठळ्या होत नाहीत. पण या भागातल्या कित्येक घरांत गाठीचं पिठलंच मुद्दाम करतात, तेव्हा गुठळ्या झाल्या तरी घाबरू नये. लसूण जास्त घ्यावा, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ येऊ द्यावी, मुलांचं आधी काढून ठेवावं आणि मग वरून लाल तिखटाची फोडणी द्यावी. भाकरी तोवर कोपऱ्यावरच्या बचत गटाकडून विकत आणली तरी चालेल.